पोटभर पू, पण अपेंडिक्स शाबूत: प्राथमिक उदरावरणदाहाचे एक प्रकरण

एरवी ठणठणीत असलेले मूल चोवीस तासांत गंभीर होते, पोट कडक लागते, शस्त्रक्रिया करावी लागते आणि आत सर्वत्र पू आढळतो. तरीही आतडे कुठे फुटलेले नसते आणि अपेंडिक्सलाही भोक नसते. पोटाच्या आतल्या बाजूचे पातळ अस्तर, म्हणजे उदरावरण, जंतुसंसर्गाने सुजलेले असते आणि तो संसर्ग पोटातल्या कोणत्याही इंद्रियातून आल्याचे दिसत नाही. यालाच प्राथमिक उदरावरणदाह म्हणतात. नेफ्रॉटिक सिंड्रोम (मूत्रपिंडातून लघवीत प्रथिने गळण्याचा आजार) किंवा यकृताचा जुनाट आजार असलेल्या मुलांच्या पोटात आधीच पाणी साठलेले असते आणि त्यात जंतू वाढू शकतात, हे बालरोगतज्ज्ञांच्या चांगले परिचयाचे आहे. निरोगी मुलात मात्र हा आजार इतका क्वचित भेटतो, की तो यादीत शेवटी असतो किंवा नसतोच. प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात मुलांच्या पोटाच्या तातडीच्या आजारांत त्याचा वाटा सुमारे १० टक्के मानला जाई. आज तो १ ते २ टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो.

पुढील प्रकरण पदव्युत्तर विद्यार्थी आणि कुटुंबवैद्य यांच्या चर्चेसाठी रचलेले आहे. त्यातली मुलगी म्हणजे कोणी एक प्रत्यक्ष रुग्ण नव्हे. अशा मुलांच्या बाबतीत जे निर्णय घ्यावे लागतात ते एका हकिगतीत यावेत म्हणून ती बेतली आहे.

प्रकरण

मुलगी ७ वर्षांची, धनकवडीत राहणारी, दुसरीत शिकणारी; वजन २१ किलो. काळ ऑगस्ट २०२४ चा. यापूर्वी ती कधी रुग्णालयात दाखल झालेली नव्हती आणि डोळ्यांवर किंवा पायांवर सूज आल्याचे आईला आठवत नव्हते. रविवारी संध्याकाळपर्यंत ती सोसायटीच्या आवारात खेळत होती. रात्री आठच्या सुमारास थंडी वाजून १०३ अंश ताप भरला, मध्यरात्रीपर्यंत तीन उलट्या आणि दोन पातळ जुलाब झाले आणि पहाटे पोट दुखू लागले. आजीने बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला. सोमवारी सकाळी जवळच्या डॉक्टरांनी पोट चाचपले तेव्हा ते मऊ होते आणि दुखणे बेंबीभोवती सारखेच पसरलेले होते. त्यांनी पॅरासिटामॉल, उलटीचे औषध आणि ओआरएस दिले, प्रतिजैविक दिले नाही आणि संध्याकाळी पुन्हा दाखवायला सांगितले. प्रतिजैविक न देणे आणि त्याच दिवशी पुन्हा बोलावणे, या दोन्ही गोष्टी पुढे फार उपयोगी पडल्या.

दुपारनंतर दुखणे वाढत गेले. रुग्णालयात आणताना रिक्षा गतिरोधकावरून गेली की ती कळवळून ओरडत होती. आईने सांगितले, "डॉक्टर, काल संध्याकाळपर्यंत चांगली खेळत होती हो. आता नुसती कूस बदल म्हटलं तरी रडते." गतिरोधकावरच्या या दुखण्याला वैद्यकीय वजन आहे: २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत अपेंडिक्सचा दाह असलेल्या जवळजवळ सर्व रुग्णांत ते आढळले होते, मात्र दाह नसलेल्या बऱ्याच जणांतही ते होते. पुण्यात ही तपासणी दवाखान्यात पोहोचण्याआधीच विनासायास होऊन जाते. तिच्यावरून उदरावरण दुखावल्याची शंका बळावते, ते कशाने दुखावले हे कळत नाही.

दाखल करताना ताप १०३.२ अंश, नाडी मिनिटाला १४८, श्वास ३४, रक्तदाब ९६/५८, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला जवळजवळ ३ सेकंद. मुलगी गुडघे पोटाशी घेऊन निश्चल पडलेली होती. पोटशूळ असलेले मूल तळमळते, जागा बदलते, आईच्या अंगावर चढते. उदरावरण सुजलेले मूल हलत नाही, आणि हा फरक खोलीच्या दारातूनच दिसतो. "बाळा, एका पायावर उडी मारून दाखवशील?" या प्रश्नावर तिने फक्त मान हलवून नकार दिला. पोट फुगलेले, चारही बाजूंना दुखरे आणि ताठ. उजवीकडे खाली किंचित जास्त, पण तो फरक छातीठोकपणे सांगण्याजोगा नव्हता. छाती स्वच्छ, घसा साधा, अंगावर पुरळ नाही, कावीळ नाही, सूज नाही. योनिमार्गातून स्राव किंवा खाज आहे का, हे आईला बाजूला घेऊन विचारले. उत्तर नकारार्थी होते.

रक्तात पांढऱ्या पेशी २४,६०० आणि त्यांत ९१ टक्के न्यूट्रोफिल, प्लेटलेट ३.१ लाख, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ३४ टक्के, सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) लिटरमागे २१२ मिलिग्रॅम, सोडियम १३१, क्रिएटिनिन आणि साखर योग्य, अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन) ३.२. लघवीत प्रथिने नाहीत. डेंग्यूची एनएसवन चाचणी निगेटिव्ह. छातीच्या एक्स-रेमध्ये न्यूमोनिया नाही आणि श्वासपटलाखाली मोकळी हवाही (आतडे फुटल्याची खूण) नाही. सोनोग्राफीत ओटीपोटात व दोन्ही कुशींत गढूळ द्रव, आतड्यांची हालचाल मंद. वायूमुळे अपेंडिक्स दिसले नाही.

डेंग्यू का नाही, अपेंडिक्स का नाही

पुण्यात पावसाळ्यात ताप, उलट्या, पोटदुखी आणि सोनोग्राफीत पोटात पाणी असे सगळे एकत्र आले की पहिले नाव डेंग्यूचे घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. पण डेंग्यूत पाणी पाझरते ते ताप उतरू लागण्याच्या सुमारास, म्हणजे बहुधा चौथ्या ते सहाव्या दिवशी. तोवर पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, प्लेटलेट घसरत असतात आणि हिमॅटोक्रिट चढत असते. येथे आजाराचा पहिलाच दिवस होता, पेशी २४ हजारांवर होत्या आणि द्रव गढूळ होता. केवळ एनएसवन निगेटिव्ह आली म्हणून नव्हे, तर ही सगळी घडणच जुळत नव्हती म्हणून डेंग्यू मागे पडला. टायफॉइडमध्ये आतडे फुटते ते सहसा तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. पोटाचा क्षयरोग आपल्याकडे कधीच विसरू नये. मात्र तो आठवड्यांच्या हिशोबाने चालतो, एका रात्रीत नाही.

उरले फुटलेले अपेंडिक्स. मुलांच्या अपेंडिसायटिससाठी वापरल्या जाणाऱ्या १० गुणांच्या मापनात या मुलीला ९ गुण मिळाले असते. दुखणे बेंबीकडून उजवीकडे सरकले नाही, एवढाच एक गुण गेला असता. ही गुणपत्रिका उदरावरणाचा दाह चांगला मोजते, पण तो दाह अपेंडिक्समुळे आहे की अन्य कशामुळे, हे सांगणे तिच्या आवाक्यात नाही. म्हणून निरोगी मुलातला प्राथमिक उदरावरणदाह या मापनातून हमखास अपेंडिक्स म्हणूनच बाहेर पडतो.

तरीही हकिगतीत एक विसंगती होती. अपेंडिक्सच्या दुखण्यात साधारणपणे आधी पोट दुखते, मग उलटी होते, ताप नंतर आणि सुरुवातीला बेताचा येतो. अपेंडिक्स फुटून पू सर्वत्र पसरायला बहुधा एक-दोन दिवस लागतात. येथे आधी थंडी वाजून मोठा ताप, मग उलट्या-जुलाब, शेवटी पोटदुखी, आणि २४ तासांच्या आत संपूर्ण पोट ताठ. ताप पोटाच्या पुढे धावत असेल तर जंतू रक्तातून आले असावेत, असा विचार करायला जागा आहे. लहान मुलांत अपेंडिक्स लवकर फुटू शकते आणि ओटीपोटात उतरलेल्या अपेंडिक्समुळे जुलाबही होतात, त्यामुळे एवढ्यावरून शस्त्रक्रिया टाळता येणार नव्हती. पण संशय मनात ठेवून आत जाणे आणि ठरवून टाकलेले निदान घेऊन आत जाणे, यांत पुढे काय काय तपासले जाते याचा मोठा फरक पडतो.

सीटी स्कॅन करावे का, किंवा सोनोग्राफीखाली सुईने द्रव काढून पाहावा का, यावर चर्चा झाली. सुईने काढलेल्या द्रवात एकाच जातीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅम रंगक्रियेत जांभळे दिसणारे) जंतू दिसले तर केवळ प्रतिजैविकांवर मूल बरे करता येते आणि तशी उदाहरणे नोंदलेली आहेत. माझ्या मते फुगलेल्या आतड्यांच्या, शॉककडे झुकलेल्या मुलात दुर्बिणीची शस्त्रक्रिया अधिक सरळ आहे, कारण ती निदान आणि पू धुऊन काढणे ही दोन्ही कामे एकाच भुलीत करते. शस्त्रक्रिया टळली याचे समाधान मोठे असते खरे. पण न सापडलेल्या छिद्राची किंमत त्याहून मोठी असते.

रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्यासाठीचा नमुना) घेऊनच सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल सुरू केले, रिंगर लॅक्टेट ४२० मिलि दिले, नाकातून नळी घातली. नाडी १२४ वर आल्यावर भूलतज्ज्ञांनी संमती दिली. वडिलांनी विचारले, "अपेंडिक्स फुटलंय ना, डॉक्टर?" त्यांना दिलेले उत्तर असे होते: "बहुधा तेच असावं. पण काही मुलांच्या पोटात पू असतो आणि अपेंडिक्स ठीक निघतं. तसं निघालं तर औषध वेगळं लागेल आणि नंतर आणखी काही तपासण्या कराव्या लागतील." शस्त्रक्रियेपूर्वी उच्चारलेले हे वाक्य फार महत्त्वाचे आहे, तेच शस्त्रक्रियेनंतर सांगितले तर पालकांना ते सारवासारव वाटते.

आत काय दिसले

बेंबीतून दुर्बीण घालताच पातळ, पिवळसर हिरवा पू दिसला. त्याला वास नव्हता. आतड्यातली घाण बाहेर पडली असेल तर ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंमुळे बहुधा उग्र दुर्गंधी येते. बिनवासाचा पू ही शस्त्रक्रियागृहातली पहिली खूण होय आणि ती नोंदवहीत लिहिली गेली पाहिजे. आतड्यांच्या वेटोळ्यांवर फायब्रिनचे पांढुरके पापुद्रे चिकटले होते, ओटीपोटात पू सर्वांत जास्त होता. अपेंडिक्स वरून लालसर, पण मऊ. भोक नाही, काळवंडलेला भाग नाही, आत खडा नाही, बुंधा निरोगी.

शेजारच्या घराला आग लागली की आपल्याही भिंतीवर काजळी धरते, तसा हा लालपणा बाहेरून आलेला असतो. नेमकी येथेच वाट चुकते. लाल अपेंडिक्स हाती लागले, ते काढले, "अपेंडिसायटिस" लिहिले आणि शोध संपला, असे होणे अगदी स्वाभाविक आहे. वास्तविक अपेंडिक्सची अवस्था आणि पुवाचे प्रमाण यांचा मेळ बसत नसेल तर पोट पूर्ण पाहायला हवे. शेवटच्या दोन-अडीच फूट लहान आतड्यात मेकेलची पिशवी (काहींना जन्मतः असणारा आतड्याचा फुगवटा) नव्हती. जठर, आद्यांत्र, पित्ताशय निर्दोष होते. क्षयरोगाचे दाणे कुठेही नव्हते. यकृत गुळगुळीत होते, प्लीहा जागेवर होती. दोन्ही बीजवाहिन्यांची टोके लाल व सुजलेली होती.

बीजवाहिन्यांचा लालपणा या आजाराच्या एका जुन्या कोड्याकडे नेतो. निरोगी मुलांतील हा आजार मुलींत जास्त दिसतो. मुलींमध्ये योनिमार्ग, गर्भाशय आणि बीजवाहिन्या अशी पोटात उघडणारी वाट असते. पौगंडावस्थेपूर्वी योनिमार्गाचे वातावरण आम्लधर्मी नसल्याने न्यूमोकॉकससारख्या जंतूंना तेथे टिकाव धरता येतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्याजोगे आहे, पण मुलग्यांनाही हा आजार होतो, तेव्हा रक्तातून येणे हा मार्गही मानावाच लागतो. या मुलीत बीजवाहिन्या उगम होत्या की पुवात बुडाल्यामुळे लाल झाल्या होत्या, हे नुसत्या नजरेने ठरत नाही.

पू कापसाच्या काडीवर न घेता सिरिंजमध्ये १० मिलि घेतला. त्यातला काही निर्जंतुक डबीत आणि काही थेट ब्लड कल्चरच्या बाटलीत घातला. पोट सलाईनने धुतले, नळी ठेवली नाही. अपेंडिक्स काढावे की नाही यावर मतभेद आहेत. निरोगी अपेंडिक्स काढताना आतड्याची पोकळी उघडते, हा आक्षेप खरा आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली आतले अस्तर निर्दोष असल्याचा लेखी पुरावा मिळतो आणि पुढच्या पोटदुखीच्या वेळी एक शंका कमी होते. येथे ते काढले. आठवड्याने आलेल्या अहवालात दाह केवळ बाहेरच्या थरात होता, आतले अस्तर शाबूत होते.

रात्रीची काचपट्टी

या आजारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक तपासणी म्हणजे ग्रॅम रंगक्रिया (जंतू जांभळे किंवा लाल रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), आणि ती सकाळपर्यंत थांबवली जाते ती बहुधा केवळ सवयीने. प्रयोगशाळेला फोन करून त्याच रात्री काचपट्टी पाहायला लावली. पेशींच्या गर्दीत जांभळ्या, भाल्याच्या टोकासारख्या निमुळत्या जोड्या दिसल्या. दुसऱ्या कोणत्याही जातीचा जंतू नव्हता. आतडे फुटले असते तर काड्या, गोल, लाल, जांभळे असे नाना प्रकारचे जंतू दिसले असते. एकच जात आणि तीही न्यूमोकॉकससारखी, यावरून शस्त्रक्रियेनंतर तासाभरात निदान जवळजवळ पक्के झाले.

काचपट्टीवर साखळ्या दिसल्या असत्या तर वाट वेगळी होती. गट ए स्ट्रेप्टोकॉकस विष सोडतो, रक्तदाब झपाट्याने कोसळू शकतो. अशा वेळी पेनिसिलिन गटाच्या औषधाला क्लिंडामायसिनची जोड देतात आणि मूल अतिदक्षता विभागात ठेवतात. एकाच जातीच्या लाल काड्या दिसल्या असत्या तर ई. कोलाय गृहीत धरून उपचार करावे लागले असते, शिवाय मूत्रमार्ग आणि यकृताकडे अधिक बारकाईने पाहावे लागले असते. सरमिसळ दिसली असती तर छिद्र राहून गेले, असेच मानायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी ब्लड अगारवर हिरवट वलयाच्या वसाहती उगवल्या. ऑप्टोचिनने त्यांची वाढ थांबली आणि पित्तक्षारात त्या विरघळल्या. रक्ताच्या कल्चरमध्येही हाच न्यूमोकॉकस आला. या जंतूची एक खोड अशी, की तो स्वतःच लवकर विरघळतो. प्रतिजैविकाचे दोन-तीन डोस गेलेले असतील किंवा नमुना रात्रभर पडून राहिला असेल तर थाळी कोरी राहते आणि काचपट्टीवर दिसलेले जंतू हाती लागत नाहीत. सोमवारी सकाळी त्या डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहिले असते तर मुलगी कदाचित काही तास बरी वाटली असती आणि जंतूचे नाव कायमचे हरवले असते.

संवेदनशीलता कळल्यावर मेट्रोनिडॅझोल बंद केले, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालू ठेवले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी आतडी चालू झाली आणि तिने पेज मागितली. सात दिवस शिरेतून आणि नंतर तोंडावाटे अ‍ॅमॉक्सिसिलिन, असे एकूण १४ दिवस औषध दिले. रक्तात जंतू असताना १० ते १४ दिवस हा रुळलेला काळ आहे.

मूल खरेच निरोगी होते का

प्राथमिक उदरावरणदाह ही कधीकधी नेफ्रॉटिक सिंड्रोमची पहिली ओळख असते. दाखल होताना अल्ब्युमिन ३.२ होते, पण तीव्र संसर्गात ते तसेही उतरते. लघवीत प्रथिने नव्हती हे अधिक बोलके. उलट, तापात लघवीत थोडी प्रथिने दिसली असती तरी लगेच शिक्का मारायचा नसतो. म्हणून दोन्ही तपासण्या ताप गेल्यावर पुन्हा केल्या. दोन्ही नीट आल्या. यकृताच्या चाचण्या योग्य होत्या. रक्ताच्या काचपट्टीवर हॉवेल-जॉली कण (प्लीहा काम करत नसेल तर तांबड्या पेशींत उरणारे ठिपके) नव्हते, म्हणजे प्लीहा दिसते तशी कामही करत होती. पालकांच्या संमतीने एचआयव्ही चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. इम्युनोग्लोब्युलिन आणि कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांची तपासणी मुद्दाम सहा आठवड्यांनंतर ठेवली, कारण संसर्गाच्या भरात हे आकडे फसवे असतात.

लसीकरणाचे कार्ड भरलेले होते, पण त्यात न्यूमोकॉकसची लस नव्हती. यात पालकांची हयगय नाही. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस २०१७ मध्ये आली ती हिमाचल प्रदेशात आणि बिहार व उत्तर प्रदेशच्या काही भागांत. महाराष्ट्रासह देशभर ती २०२१ मध्ये पोहोचली. त्याआधी जन्मलेल्या मुलांना ती खासगी दवाखान्यात, महागात, मिळत असे. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची १० प्रकारच्या न्यूमोकॉकसवरील लस डिसेंबर २०२० मध्ये देशात आली, तेव्हा ही मुलगी तीन वर्षांची होऊन गेली होती. तिच्या दोन वर्षांच्या भावाच्या कार्डावर मात्र ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने असे तिन्ही डोस होते. घरातल्या इतरांना प्रतिबंधक औषधाची गरज न्यूमोकॉकसच्या बाबतीत नसते, आणि हे आजीला दोनदा सांगावे लागले.

घरी सोडताना

संगणकात तयार असलेल्या नमुन्यात "अपेंडिक्स फुटल्यामुळे शस्त्रक्रिया" हे वाक्य आपोआप येत होते. ते खोडून कागदावर पुढीलप्रमाणे लिहिले: न्यूमोकॉकसमुळे प्राथमिक उदरावरणदाह, रक्तातही तोच जंतू, अपेंडिक्स काढले आहे, त्यात मूळ दोष आढळला नाही, प्रतिकारशक्तीच्या तपासण्या सहा आठवड्यांनी. त्याखाली पालकांसाठी मराठीत दोन ओळी होत्या. पहिली: हिरवी उलटी झाली किंवा पोट फुगले तर आतड्यांना चिकटण पडली असू शकते, तेव्हा त्याच दिवशी यावे. दुसरी: पुन्हा कधी न्यूमोनिया, मेंदूज्वर किंवा असाच पोटाचा संसर्ग झाला तर हा कागद आधी दाखवावा, कारण दुसऱ्या खेपेला कॉम्प्लिमेंट आणि प्रतिकारशक्तीचा शोध अधिक खोलात घ्यावा लागतो.

सहा आठवड्यांनंतरचे अहवाल योग्य आले आणि तेही त्याच कागदाला जोडून दिले.